तिसरी बाटली

मोहिउद्दीननं सायकल बाभळीला टेकवली आणि वाजू नये म्हणून घंटीला रुमाल गुंडाळला. आपणच उभारलेल्या पाण्याच्या टाकीवर ओव्हरसियरनं चोरासारखं यावं, याची त्याला लाज वाटत होती. पण इलाज नव्हता.

आर्णीच्या नळयोजनेचं काम दोन वर्षं त्याच्या देखरेखीखाली चाललं होतं. गाळणीतली वाळू त्यानंच पसंत केली, पाणी शुद्ध करायच्या दव्याचं मापही त्यानंच ठरवलं. नागपूरच्या प्रयोगशाळेनं तीनदा पाणी चांगलं म्हटलं, की त्याची सही होणार आणि गावभर नळ सुटणार. दोन बाटल्या चोख निघाल्या होत्या. मात्र चाचणीसाठी नळ दिलेल्या खालच्या गल्लीत चार घरांत हगवण लागली. गाळणीत खोट असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. तो इथं आला की इथलंच पाणी प्यायचा आणि ठणठणीत होता. म्हणजे आपल्यासारखे साहेब आले किंवा बाटली भरायची असली, की ठेकेदाराचा मिस्त्री रामधन पाण्यात दवा टाकतो, पाठ फिरली की दव्याचं पोतं जागच्या जागी. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं. खिशात रामधनविरुद्धची तक्रार लिहून तयार होती.

भिंतीआडून त्यानं पाहिलं. रामधन पांढरी पूड तराजूत तोलत होता. चिमूटभर कमी पडली, तीही त्यानं टाकली. कोणी बघत नसताना हा माणूस असा वागतो, हे पाहून मोहिउद्दीन उगाच चिडला.

मागच्या खोलीत धूर दिसला. टाकीवर झाडलोट करणारी तुळसाबाई चुलीवरचं पातेलं उतरवून, धुतलेल्या फडक्यातून नागपूरला पाठवायच्या बाटलीत पाणी गाळत होती.

"हे काय, मावशी?"

ती दचकली नाही. "नागपूरचे मोठे साहेब पेतेत नं हे पाणी? तसंच कसं धाडाचं जी? दोन उकळ्या देतो, मंग गाळतो."

"पयल्या दोन बाटल्या?"

"त्या बी मीच भरल्या. रामधनले कामातून फुरसत कुठं रायते?"

मोहिउद्दीननं चुलीजवळच्या तांब्याकडे बोट केलं. "आन मले तांब्याभर देता, ते?"

"तुमाले बी हेच. तुमी बी साहेबच नं."

"तुमी मायलेकी काय पेता?"

"आमाले नळाचं चालते."

कोपऱ्यात चटईवर तिची लेक पंचफुला पोटाशी पाय घेऊन पडली होती. चार दिवसांपासून हगवण थांबत नाही, डोळे पार खोल गेले, असं तुळसाबाईनं सांगितलं. मोहिउद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं पेटीतली जादा बाटली काढली, नळाखाली भरली आणि बूच घट्ट लावलं. मग बाहेर जाऊन गल्लीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. खिशातला कागद चुलीत घातला.

"चूल इझवू नका, मावशी. ते उकळलेलं पंचफुलेले पाजा. गावातून बैलगाडी आणतो, तिले दवाखान्यात नेऊ."

"आन नागपूरच्या साहेबाले?"

"त्याले या खेपेस आपलं पाणी जाऊ द्या."