घुमट अडकलेल्या अकरा रात्री

सरांनी विश्वाचा सिद्धान्त मोडला तो मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. आकाशाच्या एका कोपऱ्यात त्यांना दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचा, असा घोळका सापडला, की तो जमवायला गुरुत्वाकर्षणाला विश्वाचं आजवरचं आयुष्य पुरलं नसतं. पेपरवाले फोटो काढून गेले. सरांनी त्यासाठी घरून कोट आणला होता.

माझी भाची त्यांच्या हाताखाली पीएचडी करते. तिचं काम वेगळं. विश्व कोवळं, तापलेलं होतं तेव्हा त्यात आवाजाच्या लाटा धावत. ते निवलं आणि लाटा होत्या तिथेच थिजल्या. पुढे गुरुत्वाकर्षणानं त्या खुणांपाशी दीर्घिका गोळा केल्या. म्हणून आजही एकमेकींपासून पन्नास कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त भरतात. आलेखात इवलासा उंचवटा. चार वर्षं पोरगी त्याच्यामागे.

"तुझा उंचवटा परिशिष्टात टाक," सर तिला म्हणाले. "पहिलं प्रकरण माझा घोळका. नाहीतर सही विसर." प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता.

मी या वेधशाळेत टायपिस्ट म्हणून लागले. आता आकाशाचे फोटो तपासते, दुर्बिणीची नोंदवही लिहिते. ती वही वाचणं सरांच्या इभ्रतीला शोभत नाही. बुधवारी सकाळी मी त्या कोपऱ्याच्या तारखा काढल्या आणि त्यांच्या खोलीत गेले. भाची तिथेच होती.

"सर, तेव्हा दुर्बिणीवरचा घुमट फिरायचा थांबून अडकला होता. अकरा रात्री दुर्बीण त्याच फटीतून बघत होती. बाकी आकाशाला एकेकच रात्र मिळाली. जास्त बघितलं तर अंधुक दीर्घिकाही दिसणारच की. ते धरलंत का?"

"ताई, तुम्ही फोटो तपासा. सिद्धान्ताचं आम्ही बघतो."

भाचीनं वही माझ्या हातातून घेतली. जादा दहा रात्री वगळून तिनं संगणकाला सगळं पुन्हा मोजायला लावलं. दुपारी चारला उत्तर आलं. घोळका नव्हताच. सिद्धान्त मोडणारे सर खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि तुझं गं?" मी विचारलं. तिचा आलेखही त्याच फोटोंवर उभा होता.

"उंचवटा खाली आला, मावशी. निम्मा. पण आहे. अंतर तेच."

"मग निम्मा लिही."

तिनं पहिलं प्रकरण सरांसमोरच उडवलं आणि सहीचा कागद पुढे सरकवला.

"पेपरवाल्यांना काय सांगू?" सर पुटपुटले.

सही नाकारायची तर कारण लिहावं लागतं. कागदावर त्यासाठी चांगल्या चार ओळी मोकळ्या होत्या. सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. सही केली, तीही नेहमीपेक्षा बारीक.