मास्तरांची क्वेरी

मास्तर खुर्चीत टेकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोड घोडं."

पाणीपुरवठा ऑफिसातल्या ताईंनी संगणकाचं बटण दाबलं. शहरभरच्या पाणीमीटरांच्या नोंदी चाळून गळती कुठे आहे ते सांगणारी ही क्वेरी मास्तरांनी इथेच नोकरीत असताना लिहिलेली. निवृत्तीनंतरही दर महिन्याला ती चालवायला ते हजर. एकदा सुरू झाली की दिवस कलेपर्यंत उत्तर नाही.

त्या रिकाम्या वेळानं ऑफिसचं फार भलं केलं होतं. हिशेबनिसाचं लग्न त्यातच जमलं, शिपाई बासरी शिकला, आणि एका साहेबांनी म्हणे तेवढ्यात दाढी वाढवली, आवडली नाही म्हणून काढूनही टाकली. ताई आणि मास्तरांच्या वाट्याला गप्पा यायच्या. बायको गेल्यापासून मास्तर घरी फक्त फ्रिजशी बोलत. तोच काय तो घुरघुरून उत्तर द्यायचा.

पण टेकडीवरच्या वस्तीचे नळ कोरडे पडू लागले, आणि गळती रोज शोधणं भाग झालं. सर्व्हरमध्ये आठ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे आठ मेंदूच; त्यातला एक राबायचा, सात जावईबापूंसारखे लोळत असायचे. ताईंनी नोंदींच्या तक्त्याचे तुकडे करून ते आठांनाही वाटून दिले. जो तो आपापल्या तुकड्याची बेरीज करी, मग त्या बेरजा एकत्र होत. दिवसभराचं काम चहा निवायच्या आत हातावेगळं होऊ लागलं.

मास्तरांपुरती मात्र ताईंनी आज ही वाटणी गुपचूप बंद ठेवली होती. लवकर संपलं तर म्हातारा जाणार कुठे?

बोलता बोलता मास्तरांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"अगं, एकटाच तापलाय. बाकीचे सात?"

"मशीन जुनं झालंय, मास्तर."

"जुना मी झालोय." त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, काम किती कोअरांत वाटायचं ते सेटिंग उघडलं. "हे शून्य कुणी घातलं?"

ताईंनी उगाच टेबलावरची धूळ झटकली.

मास्तरांचा आवाज मऊ झाला. त्यांची बहीण टेकडीवर राहायची. तिनं फोनवर सांगितलं होतं, पाणी येतंय, तुमच्या ऑफिसातल्या कुणा पोरीनं काहीतरी केलंय म्हणे.

"मी तेच बघायला आलो होतो," मास्तर म्हणाले.

ताईंना मान वर करवेना. मास्तरांनी चालती क्वेरी थांबवली, शून्याच्या जागी आठ घातले आणि बटण मात्र ताईंना दाबायला लावलं. पडद्यावर आठही पट्ट्या एकदम उभ्या राहिल्या. मास्तर पुढे वाकले, तोंड किंचित उघडं. आणि संपलंसुद्धा.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

ताईंनी पुन्हा चालवून दाखवली. मग त्यांनी उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, "झकास" म्हणाले आणि उठले. ताईंनी थांबा म्हटलं, तर म्हणाले, तुला कामं असतील.

ताईंनी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी मास्तर उभे होते. ऊन अजून डोक्यावर होतं. एवढ्या लवकर इथून बाहेर पडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि घराकडे लांबच्या रस्त्यानं निघाले.