चुन्याची डबी

लग्न होऊन आल्यापासून रखमाजींची तंबाखू द्वारकाबाईच मळत आल्या होत्या. रखमाजींना काय हात नव्हते? पण चुना बराबर पडायला बायकोचंच बोट लागतं, असं त्यांचं म्हणणं. कुंभार पिंपळगावात लोक हसायचे. द्वारकाबाई वरवर कुरकुरायच्या आणि मनातून सुखावायच्या.

शहाण्णव साली एका दुपारी डोकं धरून रखमाजी कपाशीतच आडवे झाले. दीर बद्रीनाथनं त्यांना जीपमध्ये घालून औरंगाबादला नेलं. मेंदूतल्या शिरेला फुगा आलाय, थोडं रक्त झिरपलंय, पुन्हा फुटायच्या आत फुग्याच्या तोंडाला बारीक चाप लावू, असं डॉक्टर म्हणाले.

पाच तासांनी डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले ते खाली मान घालूनच.

"शिरा फार कडक झाल्यात. फुग्याच्या तोंडाशीच चुना साचलाय. चाप बसेना, घसरायला लागला. जोर केला असता तर शीर तिथंच फाटली असती."

द्वारकाबाईंनी त्यातला एकच शब्द ऐकला आणि उजवा हात पदराखाली लपवला. तीस वर्षं आपणच नवऱ्याच्या डोक्यात चुना भरला, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

तिसऱ्या दिवशी रखमाजी शुद्धीवर आले. बायकोला पाहून हसले आणि तळहात पुढं केला.

"मळून दे की जराशी."

"न्हाई."

"अगं, चिमूटभर. तोंड बिलकुल कडू झालंय."

"न्हाई म्हन्ले ना!"

चुन्याची डबी द्वारकाबाईंच्या कमरेलाच होती. रखमाजींनी हात थोडा वेळ तसाच उघडा ठेवला, मग मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा फुटला आणि ते गेले.

तेराव्यानंतर बद्रीनाथ दवाखान्याचे कागद आणायला निघाला, तशा द्वारकाबाईही हट्टानं सोबत गेल्या. डॉक्टरांसमोर त्यांनी डबी ठेवली.

"साहेब, ह्यो चुना मीच घालत आल्ते."

डॉक्टरांना समजायला जरा वेळ लागला.

"बाई, तंबाखू वाईटच. पण शिरेतला चुना या डबीतला नव्हे. तो शरीर स्वतःच साचवतं. तुमचा काही दोष नाही."

"मंग त्या दिशी चिमूटभर दिली असती तर?"

"एका चिमटीनं काय होणार होतं?"

बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं, असं डॉक्टरांना वाटलं. द्वारकाबाई मात्र मटकन खाली बसल्या.

"हात पुढं केल्ता हो त्यांनी," त्या म्हणाल्या आणि हंबरडा फोडून रडल्या.