बुडीचा दगड आणि फानोचा दम

मी एक जुना, चपटा संगमरवरी दगड आहे. आमच्या बेटावरच्या पाणबुड्यांनी मला घासून गुळगुळीत केलं, भोक पाडून दोर ओवला. मला छातीशी धरून ते समुद्रात उडी घेत आणि माझ्या वजनाने तळाशी जाऊन स्पंज कापून आणत. मित्रांनो, खाली हिरवा उजेड स्वप्नासारखा हलत असतो.

सगळ्यांत खोल जायची ती फानो. तिच्या दमाची बेटभर वाहवा होई, आणि ती तिच्या डोक्यात गेली होती. नावेत दोर धरून तिची मोठी बहीण मिका बसे.

"दोर हलवला की वर ये गं. जीव टांगणीला लागतो माझा."

"तू आपली दोर धर, ताई. समुद्र मला कळतो!"

एकदा आम्ही जलपरीच्या बागेत उतरलो. तिथल्या स्पंजाला कुणी हात लावत नसे. फानो ओरबाडतच सुटली. मिकाने दोर हलवला, पुन्हा हलवला. फानोने लक्षच दिलं नाही. शेवटी घाबरून मिकाने स्वतःच उडी घेतली. ती आमच्यापर्यंत पोचली, पण तिथेच तिचा श्वास संपला. जलपरीने तिला आपल्या निळ्या केसांत गुंडाळून घेतलं. मग तिने फानोच्या ओठांवर बोट ठेवलं, तशी फानोला पाण्यातही वाचा फुटली.

"माझी बाग लुटलीस. आता ही माझी," जलपरी म्हणाली.

"तिचा काय दोष? मला ठेव ना!"

"तू नकोस मला. एवढा मिरवतेस तो दम दे."

दम गेला तर तिच्याजवळ उरणार काय? माझ्याभोवतीची तिची मिठी घट्ट झाली, मग हळूहळू सैल पडली.

"घे," ती म्हणाली. "पण आधी ताईला वर जाऊ दे."

एका मोठ्या लाटेने आम्हाला नावेत आणून टाकलं. मिकाने डोळे उघडले.

"मेले, आता तरी ऐकशील का माझं?"

"ऐकते गं," फानो धापा टाकत म्हणाली, आणि ताईच्या कुशीत शिरून रडली.

पुढे मिका बुडी घेऊ लागली आणि फानो दोर धरू लागली. पाणी जरा गढूळलं तरी तिचा चेहरा उतरे.

आता दोघी म्हाताऱ्या झाल्यात. मी दाराशी पडून असतो. मुलं माझ्यावर बदाम फोडतात. फोडा बापडे. पण घागर घेऊन चढण चढताना फानो वळणावळणाला थांबते, तेव्हा काही मुलं तिच्यासारखी धापा टाकून दाखवतात. मित्रांनो, तेवढं करू नका. तिच्या हातातली घागर घ्या, आणि तिच्या चालीने चाला.