व्यंकटरमण मास्टरांचा अर्धा तास

सोमवारी राहुकाळ साडेसातला लागतो.

दाराची कडी बिजागरीपासून लांब बसवतात.

परदेशी डब्यावर उधळलेला घोडा असतो. घोडा पावडर खात नाही.

१९९६ साली तंजावरच्या मैदानावर धावणाऱ्यांपेक्षा ताकदीची पावडर विकणाऱ्या व्यंकटरमण मास्टरांपुढची रांग लांब असे. मास्टर एकेकाला हात आडवा धरायला लावत आणि दाबत. हात खाली. मग परदेशी डब्यातली पावडर पाण्यातून पाजून पुन्हा दाबत. हात खांबासारखा!

"व्यायाम झाला की शरीराचं दार अर्धा तास उघडं," मास्टर गरजत. "तेवढ्यात पावडर घ्याल तर सोनं. नंतर खाल ती माती. आणि राहुकाळात खाल ते विष!"

अर्ध्या तासाचं कुणाला नीट कळलं नव्हतं. राहुकाळ सगळ्यांना कळत होता.

चंद्रमती मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवी. तिची भाची नंदिता आठशे मीटर धावे. शनिवारी जिल्ह्याची निवड होती, आणि सोमवारी पोरगी सरावानंतर मैदानातच कोसळली. सराव संपला तो राहुकाळातच. राहुकाळ म्हणून तिने खाल्लं नाही. तो संपेपर्यंत मास्टर म्हणत ते शरीराचं दार बंद होणार, म्हणजे नंतरही उपासच.

"आत्या, शनिवारी शर्यत नऊला आणि राहुकाळही नऊलाच," नंदिता पडल्या पडल्या म्हणाली. "खायचं केव्हा?"

"वन्सं, मास्टरांना डिवचू नका हं," नंदिताची आई, वहिनी मंगला म्हणाली.

मंगळवारी चंद्रमतीने रांगेत उभं राहून मास्टरांनाच हात आडवा धरायला लावला. मनगटावर दाबलं. हात खाली.

"अय्यो!" रांग म्हणाली.

तिने त्यांना नळाचं पाणी पाजलं आणि पुन्हा दाबलं, या वेळी कोपराच्या वर. हात खांबासारखा.

"मास्टर, हे पाणी कुठल्या देशाचं?"

"टीचर, तुम्ही जोरच लावला नाहीत!"

"तेवढाच लावला. जागा बदलली. दार कडीपाशी ढकललं की बोटाने हलतं, बिजागरीपाशी ढकलून बघा." मग तिने डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. "डाळ्याचं पीठ आणि साखर. वाईट नाही. चटणीला चाललं असतं."

"मग खायचं केव्हा, टीचर?" मागून कुणीतरी विचारलं.

"दमलात की खा. भात-सांबार, इडली, दही. लगेच जमलं तर उत्तम, तासाभराने खाल्लंत तरी माती होत नाही. पोटाला पंचांग वाचता येत नाही. तुम्हाला विचार करता येतो, तेवढा करा."

शनिवारी नंदिता दुसरी आली. भर राहुकाळात तिने दहीभात खाल्ला, आणि मंगलाने आणखी वाढला.

त्या सोमवारी ती कोसळली तेव्हा तिच्या पिशवीतल्या डब्यात आईने दिलेल्या चार इडल्या तशाच होत्या.