रिकामं समजलेलं पिस्तूल

मी एक पिस्तूल बोलतोय. तळहाताएवढा आहे मी. खिशात असूनही कुणाला दिसू नये, एवढ्याचसाठी मला घडवलं. लपवून ठेवलेल्या वस्तूला ऐकू मात्र सगळं येतं.

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या एका लहान गावात, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक लायल हॅस्किन्स यांच्या खिशात मी आठ वर्षं आहे. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना चार-पाच जण खिशात पिस्तूल ठेवून दाराशी पहारा देतात. लायल त्यांतले सगळ्यांत वयस्क. पहाऱ्यावरचा ग्रेडी त्यांना चिडवायचा, "प्राध्यापक, कुणी घुसलाच तर आधी त्याला व्याख्यान देणार का?" लायल हसायचे. पण खिशातला हात माझ्यावर घट्ट व्हायचा.

मग संधिवाताने त्यांची बोटं सुजली. माझी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, त्यांना मागे ओढवेना. कारागिराने स्प्रिंग मऊ केली, चापही हलका केला, मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या. लायल खूश झाले. मी मात्र तेव्हापासून स्वतःलाच भितो.

दर रविवारी जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ते मला साफ करतात. खिशातला कापूस, पेपरमिंटचा भुगा, काय काय निघतं माझ्यातून. माझी घडणच अशी, की साफ करायला माझे भाग सुटे करायचे तर एकदा रिकामा चाप ओढावा लागतो. म्हणून आधी गोळ्यांची मॅगझिन काढायची, मगच स्लाइड ओढून नळीतली गोळी बाहेर पाडायची. क्रम उलटला, तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी येऊन बसते. त्यांची बायको डोरिन चष्मा लावून स्वतः नळीत डोकावायची, तेव्हाच पुढचं काम व्हायचं.

आज सकाळी लायल मला चर्चच्या शौचालयात, फ्लशच्या टाकीवर विसरले. ग्रेडीने रुमालात गुंडाळून आणून दिलं आणि या वेळी त्याने चिडवलंसुद्धा नाही. घरी येताना गाडीत डोरिन म्हणाली, "पुरे झालं, लायल. देऊन टाक ते."

"चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी. एवढंही जमत नाही म्हणतेस?"

"जमत नाही असं नाही म्हणत. भीती वाटते म्हणते."

जेवणं झाल्यावर ती पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला गेली. मध्ये पातळ फळ्यांची भिंत.

लायल एकटेच बसले. त्यांनी आधी स्लाइड ओढली. गोळी उडून मिठाच्या बाटलीपाशी घरंगळली. ती बघून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग मॅगझिन काढली.

दुसरी गोळी माझ्या पोटात आहे.

आता चाप ओढायला त्यांनी मला त्याच मधल्या भिंतीकडे रोखलंय. समोर माणूस नको, ही त्यांची जुनी शिस्त. क्षणभर थांबले, कपाळाला आठी पडली. आधी काय केलं आपण? आयुष्यभर हा माणूस दाराला कुलूप लावून तीनदा परत बघत आला. आजच त्याला शंका घ्यायची लाज वाटतेय. पुन्हा नळीत बघितलं, तर डोरिनचंच खरं ठरेल ना.

आठी गेली. बोट चापावर आलं.

डोरिनबाई, राहू द्या ते कपडे. त्या भिंतीपासून दूर व्हा.