सगळ्यात जास्त जागा

रविवारी दुपारी शिंप्याने शिलाई मशीन भिंतीला सरकवले, चिंध्या पोत्यात कोंबल्या आणि पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. धाकटीला पाहायला मंडळी यायची होती. थोरलीला आईने सकाळीच बजावले होते की, पाहुणे उठेपर्यंत मागच्या खोलीतून बाहेर यायचे नाही. थोरलीचा नवरा खोकून खोकून गेला, तेव्हापासून तिने नवऱ्याला खाल्ले असे गल्ली म्हणे. गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार? पण घरानेही तेच म्हणावे, याची मात्र चीड येते. कामावर निघालेल्या शेजारच्या गवंड्याला ती दिसली, की तो घरात परत जाई आणि पाणी पिऊन पुन्हा निघे.

पाहायला येणारा मुलगा दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात यंत्रावर होता. थोरला जावईही तिथलाच होता, पण शिंप्याला त्यात काही वावगे वाटले नाही. धाकटी रोजगार कार्यालयात कारकून होती. दर महिन्याला रिकाम्या जागांचा तक्ता बाहेरच्या फलकावर तीच लावी, आणि त्यात हा कारखाना कायम पहिला. सगळ्यात जास्त जागा तिथेच निघतात, म्हणजे केवढी भरभराट असेल बघा, असे शिंपी गिऱ्हाइकांची मापे घेता घेता सांगत असे. थोरलीचे नशीबच फुटके, त्याला कारखाना काय करणार?

धाकटीलाही हे पटत आले होते. म्हणूनच तर कारखाना किती वाढला ते बापाला कौतुकाने दाखवावे, म्हणून तिने शनिवारी कार्यालयातले जुने वार्षिक अहवाल काढले. भरती दर वर्षी भरपूर होती. एकूण कामगार मात्र तेवढेच्या तेवढे. बेरीज चुकली असेल म्हणून तिने साहेबांना विचारले. त्यांनी डबा बाजूला सारला.

"बेरीज बरोबर आहे. कारखाना वाढत नाही. जागा रिकाम्या होतात, म्हणून निघतात. पुढचं पान बघ, वयाचं."

पुढच्या पानावर चाळिशीच्या पुढचा रकाना कोरा होता. मागच्या अहवालांतही तो कोराच होता. माणसे दुसरीकडे कामाला लागत असतील, असे ती चाचरत म्हणाली. तसे असते तर नाव नोंदवायला याच दारात आली असती, असे साहेब म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. यात गुपित काहीच नव्हते. मागेल त्याला अहवाल मिळत होता. पण मागत कोणी नव्हते आणि विचारल्याशिवाय साहेब तोंड उघडत नव्हते.

घरी येऊन तिने हे सांगितले, तेव्हा कागद बघून संसार होत नाहीत, असे म्हणून शिंप्याने विषय मिटवला.

मंडळी आली. मुलगा स्वभावाने गरीब दिसत होता. त्याच्या आईची नजर मागच्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. तिला सगळे ठाऊक होते.

"अवघडू नका हो," ती समजुतीने म्हणाली. "आमच्याकडेही एक आहे, माझ्या थोरल्याची बायको. ती मागंच असते. तुमच्या मुलीला तिचा त्रास व्हायचा नाही."

तिचा थोरला त्याच कारखान्यात होता. आता त्याच्या जागेवर हा. शिंप्याच्या बायकोला हायसे वाटले. धाकटीला मात्र तो कोरा रकाना आठवला.

"तुमच्या खात्यात वयानं सगळ्यात मोठं कोण आहे?" तिने मुलाला विचारले.

"मीच की," तो हसला. "सगळे मला आजोबा म्हणतात."

त्याचे वय चौतीस होते. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो थांबेचना. आत थोरलीच्या हातून भांडे पडले. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

धाकटी उभी राहिली. हे लग्न मी करणार नाही, असे तिने सांगितले आणि मुलाला उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवायला विनवले. त्याची आई संतापली. बहीण तशी, म्हणून ही अशी, असे म्हणत तिने मुलाचा हात ओढला. दारातून तो एकदा वळला. त्याला काहीतरी विचारायचे होते, पण आईने त्याला थांबू दिले नाही.

आता हिला कोण करून घेणार, म्हणून शिंप्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागचे दार उघडले. थोरली पुढच्या खोलीत आली आणि पाहुण्याच्या खुर्चीवर बसली.

"माझ्या नवऱ्याला मी खाल्लं नाही," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणीच उच्चारले नव्हते.

मग तिने धाकटीला विचारले, "नवा तक्ता कधी लावायचाय?"

"उद्या सकाळी."

"आणि रांग?"

"कार्यालय उघडायच्या आधीपासून असते, ताई. पोरंच असतात सगळी."

"ते वयाचं पान मला दे," थोरली म्हणाली. "मला बघून माणसं मागं फिरतात ना? मग उद्या मी त्या रांगेसमोर जाऊन उभी राहते."